पाईकरावांची नाही म्हणणारी स्कूटर

१९९६ सालचा मे महिना, सोमवार, सकाळी साडेदहाची वेळ. रक्कम रुपये नऊ हजार पाचशे. जागा डोंगरकड्यातली आमची गल्ली, पाईकरावांचा ओटा. हजर माणसं चार: जुनी स्कूटर विकणारे निवृत्त गुरुजी, विकत घेणारे पाईकराव, पैसे देणाऱ्या त्यांच्या पत्नी सुनंदाताई आणि साक्षीदार म्हणून शेजारी, म्हणजे मी. गुरुजींनी नोटा दोनदा मोजल्या, कागदावर सह्या झाल्या, चहा झाला आणि गुरुजी पायी घरी गेले. एक वाजता ते परत आले. भाच्याची हळद होती, जायला वाहन नव्हतं, तेव्हा स्कूटर दोन दिवस मिळाली तर फार बरं होईल, असं ते म्हणाले.

पाईकराव म्हणाले, "काहून न्हाई?"

अशा रीतीने स्कूटर नव्या मालकाच्या दारात पहिल्या खेपेला अडीच तास राहिली. दोन दिवसांची बोली होती, ती चौथ्या दिवशी आली. टाकी कोरडी होती आणि हँडलला झेंडूचा हार होता. पाईकरावांनी हार काढला नाही. तो आपोआप गळून पडला.

"काहून न्हाई" हा त्यांचा शब्द होता. त्याचा अर्थ "का नाही?" असा असला, तरी तो प्रश्न नव्हता. माणसाचं मागणं पूर्ण व्हायच्या आतच ते हे म्हणून मोकळे होत. पाईकराव टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते. अंगाने बारीक, खिशात टेस्टर, हाताला कायम तारा जोडायच्या डाकाचा वास. चहात साखर ढवळायलाही ते तो टेस्टरच वापरत आणि नंतर पँटला पुसत. लोकांचे रेडिओ, इस्त्र्या, पंखे, देवळातला भोंगा आणि विहारातलाही भोंगा ते फुकट दुरुस्त करून देत. कुणी पैसे पुढे केले तर संकोचाने इतके हैराण होत, की पुढच्या वेळी लोक पैसे पुढे करायचे टाळत. त्यांना उगाच तकलीफ नको म्हणून.

स्कूटर घेण्यामागे मात्र पक्कं कारण होतं. सुनंदाताई आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. त्यांचं उपकेंद्र आतल्या खेड्यात होतं. संध्याकाळी तिथून दवाखान्याची जीप त्यांना वारंगा फाट्यावर आणून सोडायची आणि तिथून पुढे अडायचं. जलद एसट्या आमच्या गावाला थांबत नसत आणि फाट्यावरच्या जीपा भरल्याशिवाय हलत नसत. अंधार पडल्यावर जीपमध्ये कोण कोण भरतं, हे सिस्टरनी एकदाच सांगितलं होतं आणि ते पुरेसं होतं. म्हणून त्यांनी भिशीचे पैसे उचलले आणि स्कूटर घेतली. अट एकच होती. रोज संध्याकाळी सहा वाजता स्कूटर फाट्यावर, टपरीजवळच्या दगडापाशी उभी पाहिजे. सिस्टर त्या दगडावर बसून वाट बघत. बाकी दिवसभर स्कूटर कुठेही गेली तरी त्यांची हरकत नव्हती.

आणि स्कूटर बाकी दिवसभर कुठेही जातच असे. आमच्या गल्लीत वाहन मागणं हे मीठ मागण्यासारखं होतं. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. लग्नसराईत पत्रिका वाटायला, पेशंटला डबा द्यायला, पोरगी बघायला, बघून आल्यावर नकार कळवायला, सगळ्याला स्कूटर लागायची. नेणारा पेट्रोल स्वतःच्या अंदाजाने टाकायचा आणि प्रत्येकाचा अंदाज बरोबर पाईकरावांच्या ओट्यासमोर संपायचा. मीही ती दोन वेळा नेली आहे. दोन्ही वेळा लिटरभर पेट्रोल टाकून परत केली, एवढं नोंदवून ठेवतो.

सहा वाजता स्कूटर दारात असेलच असं नसे. मग पाईकराव पायरीवर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहत. स्कूटर नेणाऱ्यावर ते चिडत नसत. "येऊन राहिला असंल," एवढंच म्हणत. तिकडे सिस्टर दगडावर.

नवं एक्स्चेंज आलं तेव्हा खात्याने पाईकरावांना ट्रेनिंगला पाठवलं. तिथून ते एक शब्द घेऊन आले: मायक्रोकंट्रोलर. चाळीस पायांची काळी चिप त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवली. उलट्या पडलेल्या गोमेसारखी दिसत होती. तिच्यात आपण हुकूम लिहून ठेवायचा आणि ती तो पाळत बसते, कंटाळत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "सचिव, माणसाला सांगून उपयोग न्हाई. चिपला सांगितलं की बराबर ऐकती." मी तेव्हा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो आणि माणसांना सांगण्यातच माझी नोकरी चालली होती, त्यामुळे मला ते पटलं.

सुट्टी काढून ते रेल्वेने हैदराबादला गेले आणि पिशवीभर सामान घेऊन आले. महिनाभर त्यांच्या ओट्यावर डाकाचा धूर होता. पहिलं यंत्र तयार झालं ते असं: पुढच्या चाकाला लोहचुंबक, हँडलजवळ काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यात लाल आकडे. स्कूटर कोण किती किलोमीटर फिरवतो ते त्यात दिसायचं. शेजाऱ्याने परत आणली की पाईकराव काही बोलणार नव्हते. आकडा बोलणार होता. "बेचाळीस" असा लाल आकडा पेटला की शरमेने माणूस पेट्रोल टाकेल, हा हिशेब.

हिशेबात चूक नव्हती. माणसांत होती. आठ दिवसांत आमच्या गल्लीला ते आकडे आवडायला लागले. किराणावाल्याला कळलं की आपल्याला अठरा किलोमीटर मिळाली आणि शिंप्याला पस्तीस. तो तणतणत आला. "पाईकराव, त्यो काय तुमचा जावई हाय? मला काहून अठराच?" पाईकरावांना हा अन्याय मान्य झाला. उरलेली सतरा किलोमीटर फिरून यायला किराणावाला त्याच दुपारी स्कूटर घेऊन गेला. पुढे लोक स्कूटर नेताना आपला मागचा आकडा सांगून नेऊ लागले. ज्याचं माप भरलेलं नसे, तो भांडायला यायचा. मोजमापाने माणूस सुधारतो असं मला नोकरीत नेहमी वाटत आलं. त्या वर्षी मी ते मत थोडं आवरतं घेतलं.

दुसरं यंत्र कुलपाचं. भंगारात निघालेला एक टेलिफोन पाईकरावांनी पावती करून विकत घेतला, त्याची बटणांची पाटी काढली आणि स्कूटरच्या डिकीत बसवली. चार आकडे बरोबर दाबले तरच इंजिनात ठिणगी पडायची, नाहीतर किक मारून पाय सुजला तरी उपयोग नाही. गाव तिला "फोनची स्कूटर" म्हणू लागलं. खेड्यातून आलेली एक म्हातारी डिकीपाशी वाकून मुलाला नांदेडला फोन लावून द्या म्हणाली, हे मी स्वतः पाहिलं आहे. पाईकरावांनी तिला नाही म्हटलं नाही. एक्स्चेंजमध्ये नेऊन स्वतःच्या पैशाने फोन लावून दिला.

आता कुणी स्कूटर मागितली की ते म्हणायचे, "काहून न्हाई? न्या की. पण आकडा लागल." आणि आकडा सांगायचे नाहीत. नाही म्हणायचं काम चिपकडे दिलं होतं. पाईकराव इतके आनंदात होते की त्या दिवशी चहात त्यांनी चमचा वापरला.

हे कुलूप दोन तास टिकलं. त्यांनी ठेवलेला आकडा होता १९५६, म्हणजे धम्मदीक्षेचं साल. ते पाईकरावांच्या दारावर, विहाराच्या कमानीवर आणि त्यांच्या लग्नपत्रिकेवरही छापलेलं होतं. शिंप्याने ते पहिल्याच फटक्यात दाबलं. मग पाईकरावांनी आकडा बदलून १४०४ केला. चौदा एप्रिलला मिरवणुकीपुढे ज्याने एकदा तरी लेझीम खेळलं, त्याला तो यायचाच. आमच्या गल्लीतला धनगर, शेळ्या राखणारा, शाळेत न गेलेला माणूस, त्यानेही तो लावला. नंतरचा आकडा ०६१२, सहा डिसेंबर. तो लावताना किराणावाला मला म्हणाला, "सचिव, त्यांना सांगा, एखांदा अवघड ठेवा म्हणावं. मजा न्हाई राह्यली."

मी तसं सांगितलं. पाईकरावांनी टेस्टरने डोकं खाजवलं. मग म्हणाले, "ध्यानात राहावा असा आकडा तर येवढाच हाय."

शेवटी त्यांनी चिपलाच आकडा ठरवायला लावला. किलोमीटरच्या आकड्यावरून ती दर वेळी नवा आकडा बनवायची आणि तो तोंडी गुणाकाराने फक्त पाईकरावांना काढता यायचा. हे खरोखर पक्कं निघालं. आता स्कूटर कुणालाही नेता येईना. लोकांनी त्यावर साधा तोडगा काढला. ते म्हणू लागले, "तुमालाच येतंय तर तुमीच चला ना."

"काहून न्हाई?" पाईकराव म्हणाले.

म्हणजे आधी लोक फक्त स्कूटर न्यायचे, आता स्कूटर आणि पाईकराव दोन्ही न्यायला लागले. पत्रिका वाटताना ते बाहेर स्कूटरवर बसून राहायचे. एकदा सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांनी त्यांनाच नवरदेवाचा थोरला भाऊ समजून मानपान केला. दुसऱ्या एका दिवशी त्यांच्या नात्यातले एक मामा आले. त्यांना नांदेडच्या बाजूला जायचं होतं, दुपारी चारला. पाईकराव घड्याळाकडे बघून बघून गेले. तिकडे जेवणाचा आग्रह झाला. आग्रहालाही ते नाही म्हणू शकत नसत. आले तेव्हा साडेआठ झाले होते. सिस्टर घरी होत्या. फाट्यावरून शेवटच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर ड्रायव्हर आणि आणखी तिघांमध्ये बसून आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी नुसतं ताट वाढलं. आमच्या भिंतीला भिंत लागून होती. शांतता आम्हालाही ऐकू आली.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर पुन्हा धूर सुरू झाला. चिपला त्यांनी घड्याळ जोडलं, मनगटी घड्याळातल्या बटणाएवढ्या सेलवर चालणारं. पाच वाजले की स्कूटर बंद. मामा येवोत की आमदार. पाच चाळीसला ती आपण होऊन मोकळी होणार आणि तेव्हा पाईकराव फाट्याला जाणार. फाट्यावरचा मेकॅनिक दहा रुपयांत एक तार काढून सगळं कुलूप निकामी करतो, असं कानावर आलं होतं. म्हणून या वेळी तारा लोखंडी नळीतून घेऊन सगळं पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा वेल्डिंग करून चेसिसला चिकटवला. मी विचारलं, आत काही बिघडलं तर? पाईकराव म्हणाले, "चिप बिघडत न्हाई, सचिव. माणूस बिघडतो."

हे यंत्र चांगलं वर्षभर चाललं. साडेपाचला कुणी आलं की पाईकराव दोन्ही हात पसरून म्हणत, "मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? तीच म्हणून राहिली." लोक स्कूटरवर चिडायचे, पाईकरावांवर नाही. एकाने तिला लाथही मारली. पाईकरावांना ते फार समाधानाचं वाटलं.

मग एका हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, पाच चाळीस झाले आणि स्कूटर मोकळी झाली नाही. पावणेसहा, पाच पन्नास. पाईकराव किका मारत होते. मी ओट्यावर उभा होतो. सेल उतरला होता आणि चिपच्या लेखी अजून पाच दहाच झाले होते. ती आपला हुकूम पाळत बसली होती. कंटाळलेली अजिबात नव्हती. डबा उघडायचा तर वेल्डिंगवाला आणायचा, आणि वेल्डिंगवाल्याकडे वीज सातला येणार.

त्या दिवशी पाईकराव आयुष्यात पहिल्यांदा वाहन मागायला निघाले. मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून खात्रीने सांगतो. किराणावाल्याच्या सायकलचं चाक काढलेलं होतं. शिंप्याची मोपेड मेहुण्याने नेली होती. गुरुजींच्या नव्या स्कूटरची चावी सापडत नव्हती. ती बहुधा देवघरात असावी, असं गुरुजी सदऱ्याचा खिसा दाबत म्हणाले. माझ्याकडे वाहन नव्हतंच. प्रत्येक दारात पाईकराव मान डोलवत आणि "व्हय व्हय, बराबर हाय" म्हणत पुढे सरकत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लोकांना हे किती सहज जमतं, याचं नवल होतं.

मग ते फाट्याच्या दिशेने चालू लागले आणि मीही निघालो. अर्ध्या वाटेत, पुलाजवळ, समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत वर गाठोड्यांवर सिस्टर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. आम्ही दोघं वर चढलो. ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला. मग सिस्टर शांतपणे, केसांतला कापूस काढत म्हणाल्या, "मशीनला न्हाई म्हणायला शिकिवलं. आता तुमाला कोण शिकवल?"

पाईकराव हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून बसले होते.

पुढच्याच महिन्यात सिस्टरनी स्वतःच्या पगारावर हप्त्याने मोपेड घेतली. शाळेच्या मैदानावर पाईकरावांनीच ती शिकवली, मागे पळत. चौथ्या दिवशी सिस्टर पुढे गेल्या आणि पाईकराव मागे राहिले. अट पुन्हा एकच होती: "या गाडीला एक बी तार लावायची न्हाई."

मोपेड आली त्याच आठवड्यात शिंपी आला. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. पाईकराव दारात होते आणि तोंड उघडणारच होते.

"सिस्टर, गाडी द्या की जरा, तासाभरात आणतो."

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"काहून?"

"मला लागती."

शिंपी "बरं," म्हणाला आणि किराणावाल्याकडे सायकल मागायला गेला. दुसऱ्या दिवशी तो सिस्टरना नेहमीसारखा नमस्कार करून गेला. ब्लाउजही वेळेवर शिवून दिला. पाईकराव दोन दिवस वाट बघत होते की आता काहीतरी होईल, बोलणं बंद होईल, निदान कुणी तोंड फिरवील. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि टेस्टर हातात फिरवत राहिले.

"सचिव, हे येवढं सोपं व्हतं?"

मी म्हणालो, असावं.

त्यानंतर स्कूटर दारात उभीच राहिली. कुलूप काढलेलं नव्हतं, सेलही बदलला नव्हता, पण आता ते कुणी उघडायलाही येत नव्हतं. मधल्या काळात जिल्हाही बदलला होता. घेतली तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, आता हिंगोलीत. सिस्टरची बदली सेनगाव तालुक्यात झाली आणि पाईकरावांनी खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सामान बांधायच्या आदल्या दिवशी फाट्यावरचा भंगारवाला आला. साक्षीला मला पुन्हा बोलावलं होतं.

भंगारवाल्याने स्कूटरला दोन फेऱ्या मारल्या आणि अठराशे सांगितले. पाईकराव हो म्हणणार होते, पण त्याआधीच सिस्टर हो म्हणाल्या. मग पाईकरावांनी वेल्डिंगवाल्याला बोलावून डबा कापून घेतला आणि फडक्यात गुंडाळला. भंगारवाल्याचं त्या डब्याकडे तोवर लक्षही गेलं नव्हतं. आता गेलं.

"साहेब, ते बी द्या. गाडीसंगंच हाय ना?"

गल्लीत तीन-चार लोक होते. पाईकरावांनी डबा छातीशी धरला.

"न्हाई."

आवाज लहान होता, पण शिंप्याने मशीन थांबवून वर पाहिलं. सिस्टर पर्स उघडत होत्या, त्या तशाच थांबल्या.

"काहून?" भंगारवाला म्हणाला.

"मला लागती," पाईकराव म्हणाले.

भंगारवाला काही रागावला नाही. गाडीतला महत्त्वाचा भाग मालकाने काढून घेतला, असं म्हणून त्याने फक्त तीनशे कमी केले. मग त्याने स्कूटरला हात घातला, ती हलली नाही, आणि तो म्हणाला, "साहेब, सडकेपर्यंत जरा लोटू लागता का?"

"काहून न्हाई?"

पाईकरावांना मी शेवटचं पाहिलं ते असं: फडक्यातला डबा काखेत मारून, वाकून, विकलेली स्कूटर मागून लोटत चाललेले. त्यांच्यामागे मोपेडवर सिस्टर, एक पाय जमिनीवर टेकवत, हळूहळू.

रक्कम रुपये पंधराशे. दिली भंगारवाल्याने, घेतली सिस्टरनी.